आधी कागद, मग शाई, पेन शेवटी

शाईच्या पेनाची हौस नव्याने लागली की पहिला मोठा खर्च पेनावर होतो, आणि बऱ्याच जणांची हौस तिथेच अडखळते. तीन-चार हजारांचं देखणं पेन घरी येतं. मुलांच्या वहीच्या उरलेल्या पानांवर ते चालवून पाहिलं जातं. शाई फुटते, अक्षरांच्या कडा केसाळ दिसतात, पानामागे ठिपके उमटतात, आणि महिन्याभरात पेन पुन्हा खोक्यात जाऊन बसतं. म्हणून नवख्या माणसाला मी उलटा क्रम सुचवतो. आधी चांगला कागद घ्या, मग शाईची एक बाटली, आणि पेन सगळ्यात शेवटी. तोवर घरातलं शे-दोनशे रुपयांचं पेन पुरतं. चांगल्या कागदावर तेही असं चालतं की मालकालाच नवल वाटावं.

कागदावर एवढा भर का, याचं कारण शाईत आहे. बॉलपेनची शाई तेलकट आणि दाट असते, ती कागदाच्या वर चिकटून राहते. फाउंटन पेनची शाई म्हणजे बहुतांशी पाणी. निबेच्या चिरेतून ती केशाकर्षणाने खाली उतरते आणि कागदाचे तंतू तिला आणखी पुढे ओढू पाहतात. कागदाला खळ नीट दिलेली असेल तर शाई वर राहून वाळते. नसेल तर तंतूंच्या वाटेने पसरत जाते. आपल्याकडच्या जुन्या कारागिरांना हे पक्कं ठाऊक होतं. मराठेशाहीच्या दप्तरांत जुन्नरी आणि दौलताबादी कागद आढळतो. तो खळ देऊन, वाळवून, गुळगुळीत दगडाने घोटलेला असे, त्यामुळे त्यावर बोरू अडत नसे आणि शाईही फुटत नसे. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचं नावच त्या धंद्यावरून पडलेलं आहे.

दुकानात कागद पाहताना लोक जाडी चाचपतात आणि जीएसएम विचारतात. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. त्यावरून कागद शाई पेलेल की नाही, हे कळत नाही. जपानचा तोमोए रिव्हर हा कागद ५२ जीएसएमचा, पतंगाच्या कागदाची आठवण यावी इतका पातळ, आणि तरी त्यावर शाई फुटत नाही. पलीकडची ओळ सावलीसारखी दिसते, पण शाई पलीकडे झिरपत नाही. उलट १०० जीएसएमच्या कितीतरी गुबगुबीत डायऱ्या शाई अक्षरशः पितात. चामडी कव्हर आणि रेशमी फीत यांवर पैसे घालून आतला कागद हलका वापरायचा, हा भेटवस्तूंच्या डायऱ्यांचा जुना खाक्या आहे.

तेव्हा वही विकत घेण्याआधी लिहून पाहा. पुण्यात अप्पा बळवंत चौकात किंवा मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळ अब्दुल रहमान स्ट्रीटवर गेलात तर स्वतःचं शाई भरलेलं पेन खिशात ठेवा आणि नमुन्याच्या वहीच्या शेवटच्या पानावर एक शब्द लिहू देता का, असं सरळ विचारा. बहुतेक दुकानदार देतात. नाही म्हणाले तर वेगवेगळ्या तीन-चार वह्यांची एकेक प्रत घ्यावी, तो खर्च वाया जात नाही. लिहिल्यावर तीन गोष्टी पाहा. अक्षराची कड स्वच्छ आहे का, पानामागे ठिपका आलाय का, आणि अक्षर वाळायला किती वेळ लागतो. शेवटची गोष्ट लोक विसरतात. फ्रान्सच्या रोडिया किंवा क्लेरफाँतेनच्या गुळगुळीत कागदावर शाईचा रंग फार सुंदर उठतो, पण ती वाळायला वेळ घेते. निवांत पत्र लिहिणाऱ्याला हे चालतं. मीटिंगमध्ये भराभर टिपणं घेऊन वही मिटणाऱ्याला मात्र पान उघडल्यावर समोर दुसरं पान छापलेलं दिसेल. त्याने थोडा कमी गुळगुळीत कागद घ्यावा, किंवा वहीत टीपकागदाचा तुकडा ठेवावा. टीपकागद अजून मिळतो, आणि स्टेशनरीच्या दुकानात इतक्या स्वस्तात इतकं सुख देणारी दुसरी वस्तू नाही.

हातकागदाबद्दल थोडं वेगळं सांगायला हवं, कारण पुण्याला त्याची परंपरा आहे. गांधीजींच्या प्रेरणेने १९४० मध्ये इथे हातकागद संस्था सुरू झाली. हातकागदाची पाकिटं, निमंत्रणाची कार्डं, जाड पानांच्या वह्या दिसायला देखण्या असतात, पण बारीक निबेशी त्यांचं सहसा जमत नाही. कागदाचे मोकळे तंतू निबेच्या चिरेत अडकतात आणि रेघ अचानक जाड होते. हातकागद वापरायचाच असेल तर रुंद निब, मोठं अक्षर आणि मोजका मजकूर ठेवा. पत्र साध्या गुळगुळीत कागदावर लिहून हातकागदाच्या पाकिटात घातलं तर दोन्ही हौशी भागतात.

आणि पावसाळा. कोकणात, मुंबईत, गोव्यात जून ते सप्टेंबर कागद सादळतो. मे महिन्यात ज्या वहीवर अक्षर स्वच्छ येत होतं, तिच्यावरच जुलैत शाई फुटायला लागते, आणि माणूस पेनाला नाहीतर शाईला दोष देत बसतो. वह्या आणि कोरे कागद या दिवसांत घट्ट झाकणाच्या डब्यात किंवा प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. लिहायला बसताना तळहाताखाली एक जादा कागद घ्या. हाताचा घाम आणि तेलकटपणा पानाला लागला की त्या जागी निब शाई सोडत नाही.

शाईकडे वळू. सुरुवात साध्या निळ्या शाईने करावी, आणि ती देशी असली तर उत्तमच. दांडेकरांनी १९३१ मध्ये मुंबईत हॉर्स ब्रँडच्या शाईच्या पुड्या आणि गोळ्या विकायला सुरुवात केली, त्यातूनच पुढे कॅमल आणि कॅमलिन ही नावं घरोघर पोचली. २०११ मध्ये जपानच्या कोकुयो या स्टेशनरी कंपनीने कॅमलिन कंपनीत मोठा हिस्सा घेतला. कोलकात्याची सुलेखा १९३४ ची, स्वदेशीच्या चळवळीतून आलेली. मधली बरीच वर्षं बंद राहून ती पुन्हा बाजारात आली आहे. या शाया स्वस्त आहेत आणि पाण्याने सहज धुऊन निघतात. शिकताना हाच गुण मोलाचा.

एकदा हात बसला की रंगांच्या दुनियेत शिरावं. पायलटची इरोशिझुकू मालिका, लिव्हरपूलजवळची १८६४ पासून शाई बनवणारी डायमिन, १६७० चा वारसा सांगणारी पॅरिसची जे. अर्बिन, या तिघांतच वर्षभर रमता येईल. इथे तीन गंमती वेगळ्या ओळखायला शिका. काही शायांत एकाच रेघेत फिकी आणि गडद छटा दिसते, कारण रेघेच्या शेवटी शाई साचते. काहींत वाळल्यावर निळ्यावर तांबूस चमक येते. आणि काहींत खरोखरच सोनेरी-चंदेरी कण घातलेले असतात. पहिल्या दोन गंमती चांगल्या कागदावरच दिसतात. तिसरी कुठेही दिसते, पण ते कण पेनात साचतात. कणांची शाई रुंद निबेच्या, सहज उघडून धुता येणाऱ्या पेनातच भरावी. दिवाळीच्या शुभेच्छापत्रांना ती शोभते. बँकेच्या फॉर्मवर मात्र ती हसं करते.

टिकाऊ शाईचा प्रकार निराळा. साध्या रंगाच्या शाईवर पाण्याचा थेंब पडला की अक्षर वाहून जातं. ज्यांना कागदपत्रं, सह्या, रोजनिशी जपायची आहे त्यांनी लोहयुक्त निळी-काळी किंवा रंगकणांची काळी शाई घ्यावी. पहिली हवेतल्या प्राणवायूने हळूहळू काळी पडत जाते आणि कागदात रुजते, दुसरीचे सूक्ष्म कण तंतूंत अडकून बसतात. दोन्ही शाया पेनात सुकू देऊ नयेत. रोज लिहीत असाल तरच त्या भरा. एक तंबी मात्र कडक आहे. चित्रकलेची वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक फाउंटन पेनात कधीही घालू नका. तिच्यात लाखेसारखे पदार्थ असतात, ती आत घट्ट बसते आणि पेन कायमचं जातं. दुकानात दोन्ही बाटल्या एकाच फळीवर असतात, म्हणून लेबल वाचून घ्या.

आता पेन, आणि पेनात सर्वांत आधी निब. मराठी लिहिणाऱ्याने इथे थोडं हटवादी व्हायला हवं. निबेवरची एफ, एम, बी ही अक्षरं रोमन लिपी लिहिणाऱ्यांच्या अंदाजाने ठरलेली आहेत. देवनागरीत वर मात्रा-वेलांट्या, खाली उकार, मध्ये जोडाक्षरं अशी तीन मजल्यांची वस्ती असते. युरोपियन एम निबेने लहान अक्षर काढलं की ‘भ’ आणि ‘छ’ची गाठ भरून जाते, ‘क्ष’चं पोट बुजतं, अनुस्वार रेघेला चिकटतो. जपानी कंपन्यांच्या निबा साधारण एक पायरी बारीक असतात. पायलटची किंवा सेलरची एम जवळपास युरोपियन एफसारखी चालते. दाट चित्रलिपी लिहिणाऱ्यांची गरज आणि आपली गरज इथे जुळते. तेव्हा अक्षर लहान असेल तर जपानी एफ किंवा एम, मध्यम असेल तर युरोपियन एफ, आणि टपोऱ्या अक्षराला युरोपियन एम, असा हिशेब ठेवा.

दुकानात निब तपासताना लोक सही करतात नाहीतर गोल गोल गिरवतात. सही तर कुठल्याही निबेने चांगलीच येते, हातात ती मुरलेली असते. त्याऐवजी ‘उच्छ्वास’, ‘क्षितिज’, ‘भिंत’ असे शब्द नेहमीच्या आकारात लिहा, आणि शब्द झाल्यावर वरची शिरोरेषा एका दमात ओढा. काना जिथे रेघेला भेटतो तिथे निब ओल्या शाईवरून दुसऱ्यांदा जाते. तिथे डाग फुगत असेल तर निब तुमच्या अक्षराला फार ओली आहे. शिरोरेषा मध्येच तुटत असेल तर ती कोरडी आहे, किंवा तुम्ही पेन फिरवून धरताय.

वळणाची आवड असणाऱ्यांनी कधीतरी कापीव टोकाची, म्हणजे स्टब निब घेऊन पाहावी. सरळ धरली तर उभी रेघ जाड आणि आडवी बारीक येते. म्हणजे काना भरदार आणि शिरोरेषा नाजूक, हे पाश्चात्त्य वळण झालं. बोरूच्या अक्षरात दोन्ही रेघा भरलेल्या असतात, कारण बोरूचा काप तिरका असतो आणि तोही रोमन लिपीच्या कलमाच्या उलट्या दिशेने. बाजारातल्या स्टब निबेने हुबेहूब बोरूचं अक्षर येत नाही. पेन किंचित फिरवून धरलं तर जवळपास जाता येतं. १.१ मिलिमीटरची स्टब पत्राचा मायना, निमंत्रण, पाकिटावरचं नाव यांसाठी ठेवा. रोजच्या लिखाणाला ती फार जागा खाते.

सोन्याच्या निबेबद्दल हमखास विचारणा होते. सोनं लवकर गंजत नाही आणि काही निबा किंचित लवतात, हे खरं. पण कागदाला टेकतं ते टोक सोन्याचं नसतंच, तिथे कठीण मिश्रधातूचा मणी जोडलेला असतो. नीट घासलेला मणी असलेली स्टीलची निब आयुष्यभर साथ देते. सोन्यासाठी पैसे मोजायचे तर हौस म्हणून मोजा, अक्षर सुधारेल म्हणून नको.

आधुनिक, देखण्या पेनांत निवड भरपूर आहे. लामी सफारी १९८० ची, मुळात शाळकरी मुलांसाठी काढलेली. तिची तिकोनी पकड बोटांना जागा ठरवून देते. ज्यांची पेन धरायची पद्धत तशी आहे त्यांना ती फार आवडते, इतरांना पाचव्या मिनिटाला नकोशी होते, म्हणून हातात धरल्याशिवाय घेऊ नका. सफारीची निब ओढून काढता आणि बदलता येते, त्यामुळे एकाच पेनावर एफ आणि स्टब दोन्ही वापरता येतात. पायलटचं काकुनो २०१३ चं, त्याच्या निबेवर चक्क हसरा चेहरा कोरलेला आहे. लिहायला ते याच्या दसपट किमतीच्या पेनांना लाजवतं. कावेको स्पोर्ट मिटल्यावर जेमतेम साडेदहा सेंटिमीटर, सदऱ्याच्या खिशात तळाशी जाऊन बसतं, टोपण मागे लावलं की पूर्ण लांबीचं होतं. तैवानच्या ट्विस्बी इकोचं अंग पारदर्शक, आत शाई हेलकावताना दिसते आणि मागचा दट्ट्या फिरवून ती भरता येते. पायलटच्या कॅपलेसला टोपणच नाही, बॉलपेनसारखं बटण दाबलं की निब बाहेर येते. हे पेन १९६३ पासून आहे. त्याची क्लिप मात्र पकडीच्या जागी येते, ती बोटांना टोचते का हे आधी पाहा. १९६६ चं लामी २००० आजही कुठल्याही टेबलावर नवं दिसतं, आणि माझ्या मते रंगीबेरंगी खास आवृत्त्यांच्या मागे धावण्यापेक्षा पैसे साठवून ते एक घ्यावं.

देशी हस्तनिर्मित पेनांना मी वेगळी खुर्ची देतो. राजमहेंद्रीच्या रत्नम पेनाचा जन्म गांधीजींच्या स्वदेशीच्या आग्रहातून १९३० च्या दशकात झाला. तिथेच गायडर, तमिळनाडूत तिरुवल्लूरचे रंगा, हैदराबादचे डेक्कन, असे कारखाने एबोनाइटची, म्हणजे गंधक घालून कठीण केलेल्या रबराची पेनं लेथवर घडवतात. एबोनाइट हाताला थंड लागत नाही. उन्हात ठेवलं की मात्र त्याचा काळा रंग उतरून तपकिरी होतो. यांतली बरीच पेनं ड्रॉपरने थेट नळीत शाई भरण्याची असतात. काडतुसात साधारण एक मिलिलिटर शाई मावते, इथे दोन-तीन मिलिलिटर राहते. पण शाई संपत आली की हाताच्या उबेने नळीतली हवा प्रसरण पावते आणि निबेतून थेंब टपकतो. उपाय सोपा आहे. नळीत एक तृतीयांश शाई उरली की पुन्हा भरा, आणि आट्यांना थोडं सिलिकॉन ग्रीस लावा. व्हॅसलिन लावू नका.

काडतुसांबद्दल एक सावधगिरी. लामी, पायलट, प्लॅटिनम, सेलर, पार्कर या प्रत्येकाचं काडतूस वेगळं, एकाचं दुसऱ्याला सहसा बसत नाही. कावेकोसारखी पेनं आंतरराष्ट्रीय मापाची काडतुसं घेतात. पेन घेतानाच त्याचा कन्व्हर्टर सोबत मागून घ्या, म्हणजे बाटलीतली कुठलीही शाई वापरता येईल.

वापरायच्या सवयी थोड्याच आहेत. नवं पेन पहिल्यांदा शाई भरण्याआधी साध्या पाण्याने धुवा, कारखान्यातलं तेल आत राहिलेलं असतं. पुढे महिन्यातून एकदा आणि शाईचा रंग बदलताना धुवा. गरम पाणी, स्पिरिट टाळा. बॉलपेनने वाढवलेला हाताचा जोर उतरवायला हवा. निब कागदावर नुसती ठेवून ओढायची असते, दाबली तर चिरेचे दोन्ही दात फाकतात. लिहिताना थांबलात की टोपण लावा. पंख्याखाली उघडी निब मिनिटा-दोन मिनिटांत कोरडी पडते, मग माणूस पेन झटकतो आणि शिंतोडे भिंतीवर उडतात. विमानात पेन पूर्ण भरलेलं किंवा पूर्ण रिकामं न्या, निब वर करून ठेवा. आणि तीन प्रतींच्या कार्बन पावतीवर फाउंटन पेन चालवू नका, तिथे बॉलपेनच हवं.

टपालाने पत्र पाठवत असाल तर आतला मजकूर हव्या त्या रंगात लिहा, पण पाकिटावरचा पत्ता पाण्याने न जाणाऱ्या शाईतच लिहा. आषाढात पोस्टमनच्या पिशवीत पाणी शिरतं आणि पत्त्यातला पिनकोड आधी जातो.

निवृत्ती, मुंज, पदवी अशा निमित्ताने पेन भेट देण्याची आपल्याकडे चाल आहे. ज्याला द्यायचं त्याचा हात माहीत नसेल तर एफ निब निवडा, मराठी लिहिणाऱ्या बहुतेकांना ती चालून जाते. पेनाच्या किमतीतून थोडे पैसे वाचवून सोबत शाईची बाटली आणि तपासून घेतलेली एक वही द्या, नाहीतर ते पेन शोकेसमध्ये जातं. नाव कोरून घ्यायची घाई करू नका. निब पसंत पडली नाही तर काही दुकानं ती बदलून देतात, पण नाव कोरलेलं किंवा शाईत बुडवलेलं पेन परत घ्यायला सहसा कुणी तयार होत नाही. तेव्हा पावती खोक्यातच ठेवा, आणि शाई भरण्याआधी निब नुसती पाण्यात बुडवून लिहून पाहायला सांगा.